थर्मल स्विच काढून टाकावा का? दोन वेगांच्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे वडिलांच्या वेळचा, दोन वेगांचा उभा व्हॅक्यूम क्लीनर आहे. पूर्वी गालिच्यावर फिरवताना तो खालच्या सुरात चालत असे आणि मागच्या तोंडात नळी खोचली की आवाज आपोआप चढत असे. आता तो सदासर्वकाळ चढ्या सुरातच चालतो. रबरी पट्टा दोन महिन्यांत तीनदा तुटला आहे. शिवाय गालिच्यावर वीसेक मिनिटे चालल्यावर यंत्र स्वतःहून बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. ज्या कारागिरांना दाखवले त्यांनी 'आतला सेफ्टी स्विच म्हातारा झाला आहे, तो काढून वायर थेट जोडू' असे सुचवले आहे, आणि तसे करावे का, असे आपण विचारता.

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'सेफ्टी स्विच' या एका नावाखाली या यंत्रांत निदान तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. आपल्या वर्णनावरून जो काढायला सांगितला आहे तो थर्मल स्विच, म्हणजे मोटर फार तापली की वीज तोडणारा स्विच, आपले काम चोख करतो आहे असे दिसते. बिघाड बहुधा वेग ठरवणाऱ्या बाजूला आहे. कंपनी आणि मॉडेल आपण लिहिलेले नाही, त्यामुळे पुढील काही गोष्टी आतली जोडणी प्रत्यक्ष पाहूनच ठरतील. तसे जिथे असेल तिथे सांगतो.

आधी या मोटरचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण निम्मे चुकीचे सल्ले तो न कळल्यामुळे दिले जातात. पंपाला असते ती इंडक्शन मोटर विजेच्या आवर्तनाशी बांधलेली असते. ५० हर्ट्झवर ती मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आणि ६० हर्ट्झवर ३,६०० फेऱ्यांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. तळहाताएवढ्या पंख्याने धूळ ओढायची तर याच्या कितीतरी पट वेग लागतो, म्हणून व्हॅक्यूम क्लीनरमध्ये युनिव्हर्सल मोटर घालतात. तिच्यात फील्ड कॉईल (चुंबकत्व निर्माण करणारी स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले असतात आणि कॉम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर, कार्बनच्या दोन कांड्या घासत असतात. जुन्या उभ्या यंत्रांत ती ढोबळमानाने दहा ते पंधरा हजार फेऱ्यांच्या घरात चालते, तर आडव्या डब्यासारख्या यंत्रांत त्याहून बरीच जास्त. मुख्य मुद्दा असा, की हिला स्वतःचा असा ठरलेला वेगच नसतो. मोटरचा जोर आणि तिच्यावरचा भार जिथे एकमेकांना बरोबरीने भेटतात, तिथे वेग स्थिरावतो. भार कमी केला की वेग चढतो, आणि फील्डचे चुंबकत्व कमी झाले तरीही वेग चढतो. हे दुसरे कारण लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज लागणार आहे.

या स्वभावामुळेच नळीच्या तोंडावर तळहात दाबला की मोटरचा सूर वर जातो. पुष्कळांना वाटते की मोटर जिवाच्या आकांताने ओढते आहे. घडते ते नेमके उलटे. हवा वाहायची थांबली की पंख्याला काम उरत नाही, भार उतरतो, मोटर मोकळी होऊन पळू लागते आणि क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमटा धरून करंट मोजणाऱ्या मीटरवर) करंट कमी झालेला दिसतो. तेव्हा चढा सूर ऐकून शक्तीचा अंदाज बांधू नये.

आता दोन वेग कशासाठी ते पाहू. नळीतून ओढताना वाट लांब आणि अरुंद असते, म्हणून दाबातला फरक जास्त लागतो. गालिच्यावर मात्र अर्धे काम फिरत्या ब्रशचा रूळ करतो आणि तो रूळ त्याच मोटरच्या दांड्यावरून पट्ट्याने फिरतो. हूवर कंपनीने १९५७ मध्ये 'कन्व्हर्टिबल' हे यंत्र आणले, त्यात नळीचा जोड मागे खोचताच मोटर आपोआप वरच्या वेगात जात असे; पुढे बऱ्याच यंत्रांत हीच कल्पना दिसते. पंख्याचे गणित असे, की हवेचा प्रवाह वेगाच्या पटीत वाढतो, दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत आणि लागणारी शक्ती घनाच्या पटीत. ओढ दीडपट करायला वेग साधारण २२ टक्केच वाढवावा लागतो, पण तेवढ्यासाठी पंख्याला लागणारी शक्ती जवळजवळ १.८ पट होते. नळी लावताना रुळाचा भार नसतो किंवा नगण्य असतो, म्हणून हे परवडते. मोटर वरच्या वेगातच अडकून राहिली आणि त्याच वेगात आपण रूळ गालिच्यात घासू लागलो, तर पंख्याचा वाढलेला भार आणि रुळाचा भार दोन्ही एकदम तिच्या डोक्यावर येतात. पट्टा आखलेल्यापेक्षा जोरात पळतो, तापतो, ताणला जातो आणि तुटतो. करंट वाढतो, वाइंडिंग तापते आणि वीस मिनिटांनी थर्मल स्विच यंत्र बंद करतो.

म्हणजे आपल्या तिन्ही तक्रारी एकाच मुळाच्या असू शकतात. असू शकतात असेच म्हणतो, कारण पट्टा चुकीच्या मापाचा, नेहमीपेक्षा आखूड बसवला असेल तर तोही दांडा ज्यात फिरतो ते बुश आवळून मोटर तापवतो, आणि मग तापणे हा वेगळाच प्रश्न ठरतो. ब्रशची उंची गालिच्यात रुतेल इतकी खाली ठेवली असेल तरी तेच होते. या दोन गोष्टी आधी पाहाव्यात, त्यांना हत्यारही लागत नाही.

वरचा वेग मोटरला मिळतो कसा, यावर पुढची तपासणी अवलंबून आहे. जुन्या यंत्रांत मला तीन पद्धती आढळल्या आहेत. पहिलीत फील्ड कॉईलला मधूनच एक टॅप, म्हणजे जादा तार, काढलेला असतो. पूर्ण कॉईल वापरली तर चुंबकत्व जास्त आणि वेग कमी. टॅपवरून घेतले तर वेढे कमी, चुंबकत्व कमी आणि वेग जास्त. दुसरीत खालच्या वेगासाठी एक रेझिस्टर सिरीजमध्ये येतो. तिसरीत एक डायोड विजेची अर्धी लाट अडवतो. नळीच्या तोंडाजवळ बसवलेला छोटा स्विच खालच्या आणि वरच्या वेगाच्या दोन मार्गांपैकी एक निवडतो. रेझिस्टर जळून तुटला तर खालच्या वेगात यंत्र मुळीच चालत नाही, आणि डायोड शॉर्ट झाला तर यंत्र दोन्हीकडे वरच्याच वेगात पळते. आपले यंत्र चालते आहे आणि सतत पळते आहे, म्हणजे रेझिस्टर तुटल्याची शक्यता येथेच बाजूला ठेवता येते. उरतात तीन संशयित: नळीजवळचा स्विच वरच्या बाजूला अडकलेला, डायोड असल्यास तो शॉर्ट झालेला, किंवा फील्ड कॉईलचे काही वेढे आपसात शॉर्ट झालेले.

हा तिसरा संशयित लोक विसरतात. वेढे शॉर्ट झाले की चुंबकत्व उतरते, त्यामुळे वेग वाढतो; सोबत उष्णता वाढते आणि कॉम्युटेटरवर ठिणग्याही वाढतात. म्हणजे लक्षणे थेट अडकलेल्या स्विचसारखीच. या अवस्थेत थर्मल स्विच काढला, तर शॉर्ट झालेले वेढे शेजारच्या वेढ्यांचे इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) भाजत जातात आणि एक दिवस धूर निघतो. स्विच अडकला असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे, पण फील्ड भाजली असेल तर रिवाइंडिंगशिवाय गत्यंतर नाही. म्हणून यांतले काय आहे हे कळल्याशिवाय, चाचणीपुरते सोडून, मी यंत्र पुन्हा चालवत नाही.

तपासणी मी पुढील क्रमाने करतो. प्लग काढून, तो दिसेल असा टेबलावर ठेवून, आधी नळीच्या तोंडाजवळची स्विचची जीभ बोटाने हळूच दाबून पाहतो. धड स्विचमध्ये दाबताना एकदा आणि सोडताना एकदा असा स्पष्ट 'टक' आवाज येतो. अशा यंत्रांत बहुतेक वेळा जीभ आत जाते आणि बाहेर यायला विसरते, कारण तेल, लव आणि बारीक धूळ यांचा मेणासारखा राखाडी लगदा तिच्या खाचेत बसलेला असतो. लाकडी काडीने तो काढला की जीभ सुटते, आणि कित्येकदा आजार तिथेच संपतो. 'टक' येत नसेल तर स्विचच्या टोकांवर मीटर लावून, जीभ दाबून आणि सोडून, संपर्क बदलतो का ते पाहावे. संपर्क वितळून चिकटले असतील तर खरवडत बसू नये. खरवडल्याने वरचा चांदीचा थर जातो आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते. तेवढ्याच व्होल्टेजचा, किमान तेवढ्याच करंटचा आणि तशाच रचनेचा मायक्रोस्विच घालावा. डायोडच्या यंत्रात तो थोडा वरच्या क्षमतेचा घ्यावा, कारण अर्ध्या लाटेची वीज तोडताना ठिणगी विझायला जड जाते.

स्विच निर्दोष निघाला तर फील्डकडे वळावे. फील्डच्या दोन कॉईलचा रोध काही ओहमच असतो आणि साधा मीटर तिथे फसवतो, म्हणून मी ओहम मोजण्याऐवजी दोन्ही कॉईल सिरीजमध्ये ठेवून कमी व्होल्टेजचा डीसी थोडा वेळ देतो आणि प्रत्येकीवरचे व्होल्ट पाहतो. करंट दोघींतून एकच जातो, त्यामुळे व्होल्टही जवळपास सारखेच दिसले पाहिजेत. एकीवर स्पष्टपणे कमी दिसले तर तिचे वेढे शॉर्ट आहेत. याला एक अपवाद आहे. टॅपची फील्ड असेल आणि जादा वेढे एकाच कॉईलवर असतील, तर मुळातच व्होल्ट असमान येतात. अशा वेळी टॅप कोणत्या कॉईलला जातो ते वायर धरून शोधावे आणि तेवढा भाग वगळून तुलना करावी. वायर सोडण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. जुन्या वायरींचे रंग धुळीने आणि उष्णतेने एकसारखे तपकिरी होतात, आणि नंतर आठवत नाही.

प्रत्यक्ष वेग मोजायचा असेल तर पंख्यावर किंवा दांड्यावर परावर्तक पट्टी चिकटवून टॅकोमीटरने मोजता येतो. मी मात्र पुष्कळदा फोनवर आवाजाची कंप्रता दाखवणारे साधे ॲप वापरतो. पंख्याला सहा पाती असतील आणि आलेखात १,२०० हर्ट्झला ठळक शिखर दिसत असेल, तर सेकंदाला २०० फेऱ्या, म्हणजे मिनिटाला १२,०००. पाती मात्र स्वतः मोजावीत, अंदाज करू नये. नळी लावून आणि काढून दोन्ही वेळचे शिखर तंतोतंत एकाच जागी राहिले, तर वेग बदलतच नाही हे निश्चित होते. वेग तपासताना काही जण पंखा काढून मोटर 'मोकळी' चालवून पाहतात. ते कधीही करू नये. भाराशिवाय सिरीज मोटर बेफाम पळते आणि कॉम्युटेटरचे तुकडे उडू शकतात. पट्टा काढून, पंखा जागेवर ठेवून चालवणे मात्र ठीक आहे, आणि ही चाचणी उपयोगाची आहे. पट्ट्याविना यंत्र अर्धा तास न थांबता चालले, तर भार रुळाच्या बाजूचा आहे. तरीही थांबले, तर मोटरमध्येच काही आहे, किंवा थर्मल स्विच खरोखरच लवकर सुटू लागला आहे.

हो, तेही घडते. थर्मल स्विचमधली द्विधातूची चकती वर्षानुवर्षे उघडमीट करून ठरलेल्या तापमानाआधीच सुटू लागते. कारागिरांचे म्हणणे अगदीच अशक्य नाही, फक्त ते शेवटी तपासायचे आहे. त्यासाठी गालिच्यावर, पट्ट्यासह, क्लॅम्प मीटरमध्ये एकच तार धरून करंट पाहावा आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडावा. करंट नेमप्लेटच्या आत आहे, सूर योग्य आहे, कार्बनपाशी ठिणगी बारीक आणि निळसर आहे, गार झाल्यावर दांडा हाताने अलगद फिरतो, आणि तरीही यंत्र बंद पडते आहे, एवढे सगळे जुळले तरच स्विचवर संशय घ्यावा. तेव्हाही तो बदलावा. त्यावर तापमान छापलेले असते. त्याच तापमानाचा, त्याच जातीचा आणि पुरेशा करंटचा नवा बसवावा.

थर्मल स्विच काढून टाकल्यावर काय होते याचे एक उदाहरण माझ्या बाकावर येऊन गेले. डब्यासारखे यंत्र होते आणि 'चालते, पण जळका वास येतो' अशी तक्रार होती. उघडले तर थर्मल स्विचच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा डाग देऊन लावलेला. फील्डवरचा कागद बोट लावताच भुग्यासारखा गळला आणि कार्बनच्या खोबणीचा प्लास्टिकचा कडा पाघळून कार्बन तिरपा बसला होता. मूळ कारण मात्र मोटरपासून एक वीत अंतरावर होते. पिशवीमागचे कापडी गाळण कधीच धुतले नव्हते आणि ते नमद्यासारखे घट्ट झाले होते. अशा यंत्रांत ओढलेली हवाच गाळून मोटरमधून जाते आणि तिला थंड करते. वाट बुजली की वर सांगितल्याप्रमाणे सूर चढतो, करंटही उतरतो, आणि तरीही मोटर तापत जाते, कारण थंड करणारी हवाच बंद झालेली असते. फ्यूजला यातले काही दिसत नाही, फक्त थर्मल स्विचला दिसते. काही यंत्रांत वाट बुजली तर उघडणारी स्प्रिंगची झडप असते. ती उघडून बाहेरची हवा आत घेते आणि फटीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पंखा पिशवीच्या आधी असलेल्या उभ्या यंत्रांत मोटरची हवा सहसा वेगळी असते, म्हणून आपल्या यंत्राचे निदान मी गाळणीपासून सुरू केले नाही.

'सेफ्टी स्विच' म्हटल्या जाणाऱ्या उरलेल्या दोन जातींविषयी थोडक्यात. इलेक्ट्रोलक्स कंपनीच्या १९५० च्या दशकातील काही यंत्रांत पिशवी भरली की दाबातल्या फरकाने पडदा सरकतो आणि यंत्र स्वतः बंद होते. पिशवी बदलली की काम झाले. त्यालाही लोक 'मोटर गेली' म्हणतात. दुसरा असतो तोंडाजवळचा इंटरलॉक, म्हणजे जोडणी नसल्यास मोटर अडवणारा स्विच. किर्बी कंपनीच्या 'जनरेशन' मालिकेतील यंत्रांत पुढे काहीच जोडले नसेल तर मोटर सुरूच होत नाही, कारण उघड्या तोंडामागे अगदी जवळ पंखा फिरत असतो. असा इंटरलॉक थेट जोडणे म्हणजे फिरत्या पात्यांसमोरची जाळी काढून घेणे होय. बाकावर दोन मिनिटांच्या चाचणीसाठी, सिरीज बल्ब (करंट आवरण्यासाठी मार्गात जोडलेला बल्ब) लावून, मी तो क्षणभर जोडतो. यंत्र परत देताना कधीच नाही.

एक वेगळी अडचणही सांगून ठेवतो, कारण जुनी यंत्रे पुष्कळदा परदेशी असतात. ११० ते १२० व्होल्टचे यंत्र आपण २३० व्होल्टवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने चालवत असाल आणि त्यात खालच्या वेगासाठी डायोड असेल, तर अर्ध्या लाटेमुळे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकाच दिशेचे चुंबकत्व साचते, तो घुमतो आणि विलक्षण तापतो. मग दोष मोटरला दिला जातो. अशा जोडणीत डायोडचा खालचा वेग वापरू नये. टॅपच्या यंत्राला ही अडचण नसते.

विजेच्या धक्क्याचा विषय इथे वगळता येत नाही. धातूचे अंग, दोनच तारांची वायर आणि पन्नास वर्षांचे रबर असे यंत्र हातात घेण्यापूर्वी मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) ५०० व्होल्टवर अंगापर्यंतचा इन्सुलेशन रोध पाहावा. तो एक मेगओहमच्या खाली असेल तर यंत्र चालवू नये. रेडिओतला खरखराट थांबवण्यासाठी लावलेला जुना कागदी कपॅसिटर अंगाला मुंग्या आणतो. तो नव्या सुरक्षा दर्जाच्या कपॅसिटरने बदलावा. यंत्र ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवरच, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरच, लावावे.

आता लगेच काय करायचे, तर नळीजवळची जीभ साफ करा, पट्ट्याचे माप आणि ब्रशची उंची तपासा, आणि सूर उतरतो का ते ऐका. उतरला तर अर्धा तास गालिच्यावर चालवून करंट पाहा. न उतरल्यास यंत्र न चालवता फील्डचे व्होल्ट मोजून घ्या. आणि तपासणीच्या मधे यंत्र स्वतःहून थांबलेच, तर आधी प्लग काढा, मगच ते उलटे करा. हा थर्मल स्विच थंड होताच आपोआप जुळतो आणि मुख्य स्विच चालूच असेल तर मोटर कोणालाही न विचारता सुरू होते. त्या वेळी तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे काढण्यासाठी आपली बोटे रुळात असता कामा नयेत.